सावलीएवढी भट्टी

एका राज्यात एक नदी होती, नदीला एकवीस घाट होते, आणि एकवीस घाटांना मिळून एकच ओतारी होता. त्याचे नाव रखमाजी. तांबे आणि कथील वितळवून तो घंटा ओतत असे. त्याच्या आजोबांनीही घंटाच ओतल्या होत्या, बापानेही घंटाच.

त्या राज्यात घंटा ही शोभेची वस्तू नव्हती. दर वर्षी मार्गशीर्ष लागला की डोंगरावरून धुकासुर खाली उतरे आणि महिनाभर नदीवर आडवा पसरे. त्याच्या अंगाखाली नाव सापडली की ती नावाड्यासकट कुठे जाई, ते कोणालाच ठाऊक नव्हते. मात्र त्याला खरा नाद सोसत नसे. घाटावर खऱ्या नादाची घंटा वाजली की तो कूस बदलून वाट सोडी. घंटा बद्द वाजली तर तो हसे, आणि हसला की आणखी जाड होई.

रखमाजीच्या भट्टीला शाप होता. आजोबांच्या काळी एक जोगीण दारात येऊन म्हणाली होती, "ओतारी, तुझी घंटा बद्द वाजते." आजोबा म्हणाले होते, "घंटा नव्हे, तुझे कान बद्द!" तेव्हा जोगिणीने कमरेच्या दोरीला तीन गाठी मारल्या आणि ती म्हणाली, "तुझ्या घराण्याच्या तीन खोडी या तीन गाठींत बांधल्या. त्या सुटेपर्यंत तुमची भट्टी एका माणसाच्या सावलीएवढीच राहील."

आणि तशी ती राहिली. सकाळी भट्टीचे घर लांबच लांब, थेट चिंचेपर्यंत पोचे. भाता, साचे, माणसे सगळे आत मावे. सूर्य वर चढू लागला की भिंती आत सरकू लागत. भर दुपारी सगळे घर रांजणाएवढे होई, आणि माणसे हत्यारे बाहेर काढून चिंचेखाली भाकऱ्या सोडत. उन्हे कलली की घर पुन्हा लांबे, पण दुसऱ्या अंगाला. सकाळी पश्चिमेला ठेवलेला चिमटा संध्याकाळी पूर्वेला शोधावा लागे. याचे कोणाला नवल वाटत नव्हते. माणसाला कशाचीही सवय होते.

रखमाजी हुन्नरी माणूस. साठी उलटली तरी पहाटे सर्वांत आधी भट्टीवर तोच. पण धातूच्या मिश्रणाची चिठ्ठी तो कुलूपबंद डबीत ठेवी आणि किल्ली कमरेला बांधी. मिश्रणाची वेळ आली की मध्ये पडदा सोडी आणि सगळे स्वतः करी. लिंबाजी सव्वीस वर्षे भाता ओढत होता. पडद्यापलीकडे त्याने पाऊल टाकले नव्हते. दारात कोणीही येऊन काहीही मागितले तरी रखमाजी म्हणे, "होईल की. उद्या या." कोणाला समई हवी, कोणाला बैलाच्या गळ्यातली घाटी, कोणाला पळी. सगळ्यांना होकार. आणि घंटा तयार झाली की तोच तिच्यावर टोला देई, तळहात तिच्या अंगावर ठेवी, डोळे मिटी आणि म्हणे, "खरी." त्यावर कोणी चकार शब्द काढायचा नाही. साचे घडवणारी म्हातारी ठकूबाई तेवढी म्हणे, "जरा पुसून ठेवते," आणि घंटा घेऊन मागच्या पडवीत जाई. पुसायला तिला बराच वेळ लागे.

रखमाजी कधी कधी चिंचेकडे बघून म्हणे, "हल्ली चिमण्या फार गप्प झाल्यात." चिंचेवर चिमण्यांचा कल्ला चालू असे. लिंबाजी आणि ठकूबाई एकमेकांकडे बघत आणि कामाला लागत.

त्या वर्षी ज्योतिष्यांनी राजा मेघध्वजाला सांगितले, की यंदा धुकासुर दुप्पट रुंद होऊन येणार. जुन्या घंटा पुरणार नाहीत. राजा जातीने भट्टीवर आला. दुपारची वेळ होती, म्हणून त्याला चिंचेखाली बसवले.

"रखमाजी, एकवीस घाटांना एकवीस नव्या घंटा. मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवसाआधी. होतील?"

"होतील की, महाराज."

आषाढात हे बोलणे झाले. मार्गशीर्षाला नऊ दिवस उरले तेव्हा घंटा झाल्या होत्या चार.

त्या दिवशी रखमाजीची लेक सगुणा आली. ती उंबरघाटावर नाव चालवी. उंबरघाट म्हणजे सर्वांत शेवटचा, एकविसावा.

"बाबा, आमच्या घाटाची घंटा?"

"होईल की, बाळ."

"हे मी आषाढापासून ऐकतेय. चारच झाल्यात ना? आमचा नंबर शेवटचा."

"मग यंदा पहिल्या दिवशी नाव काढू नकोस."

सगुणा हसली. "पलीकडच्या वाडीला धान्य कोण नेणार? त्यांची कणगी रिकामी झाली की माझ्या नावेकडे डोळे लावून बसतात ती माणसं. घंटा असो नसो, नाव निघणार. तुम्हाला सांगून ठेवलं." आणि ती बापाच्या पाया पडून निघून गेली. सगुणा बोलल्याप्रमाणे वागते, हे रखमाजीला माहीत होते. तो गुण तिने बापाकडून उचललेला नव्हता.

रखमाजी चिंचेखाली डोके धरून बसला. फांदीवर एक भारद्वाज होता. तांबडे पंख, लाल डोळे. तो म्हणाला, "ओतारीबुवा, घाट एकवीस, घंटा चार. मी पक्षी असून मला कळतं."

"मी दिवसरात्र राबतोय रे."

"राबताय, पण सावलीएवढ्या घरात. सावलीएवढ्या घरातून सावलीएवढंच काम निघणार. ती जोगीण अजून डोंगरावर आहे. दोरीही आहे, गाठीही आहेत. चला."

"मी गेलो तर इथलं कोण बघेल?"

"तुम्ही असताना तरी काय झालं?" भारद्वाज म्हणाला.

रखमाजी उठला. कमरेची किल्ली जागेवर आहे ना, हे त्याने चाचपून पाहिले आणि तो निघाला. त्यामुळे मागे भट्टी बंद पडली. पुढे भारद्वाज चालत होता. चालत, कारण उडायचा त्याला कंटाळा असे.

डोंगरावर तळ्याकाठी जोगीण बसली होती. तिचे वय किती ते तीही विसरली होती. दोरी कमरेला होती.

"आजोबासारखाच दिसतोस," ती म्हणाली. "तीन कामं आहेत. पहिलं हे. तळ्याभोवती सात दगड, सात दगडांवर सात पणत्या. सातही एका वेळी तेवत्या राहिल्या पाहिजेत."

"एवढंच?" रखमाजी म्हणाला.

त्याने पहिली पणती लावली. दुसरीकडे गेला तोवर वाऱ्याने पहिली विझवली. पहिलीकडे पळाला तर दुसरी गेली. सूर्य माथ्यावर येईपर्यंत तो तळ्याभोवती पळत होता. शेजारी सहा गवळणी ताकाचे हंडे उतरवून विसाव्याला बसल्या होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

शेवटी रखमाजीला धाप लागली. तो मान खाली घालून म्हणाला, "बायांनो, जरा एकेका पणतीला हाताचा आडोसा धराल का?"

"हे केव्हाचं का नाही विचारलंत, काका?" एक जण म्हणाली.

"मला वाटलं, तुम्हाला नीट जमणार नाही."

"अगंबाई! हात आडवा धरायला कुठल्या गुरूकडे जायचं असतं?"

सहा जणी सहा दगडांशी बसल्या, सातव्यापाशी रखमाजी. सात पणत्या तेवल्या. दोरीची पहिली गाठ सैल झाली, पण सुटली नाही.

"उरलेला पीळ तुझ्या कमरेला आहे," जोगीण म्हणाली.

रखमाजीचा हात किल्लीवर गेला. बापाने मरताना ती किल्ली दिली होती आणि बजावले होते, कोणाला देऊ नकोस. पण सगुणा नदीच्या मधोमध आहे, असे त्याच्या डोळ्यांपुढे आले. त्याने किल्ली सोडली आणि भारद्वाजाच्या चोचीपुढे धरली.

"लिंबाजीला दे. डबीत चिठ्ठी आहे. तांब्याचे चार भाग, कथलाचा एक. कथील शेवटी घालायचं."

भारद्वाज म्हणाला, "एवढ्यासाठी सव्वीस वर्षं पडदा?" आणि त्या दिवशी तो उडत गेला.

संध्याकाळी परत आला तो हसतच. "लिंबाजीने भट्टी पेटवली. म्हणाला, धन्यांना नमस्कार सांग. आणि सांग, मिश्रण मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. पडदा आखूड आहे. खालून धन्यांचे पाय दिसतात. तांब्याकडे चार खेपा, कथलाकडे एक."

रखमाजीला आधी राग आला. मग त्यालाही हसू फुटले, आणि ते थांबेना. पहिली गाठ सुटली.

"दुसरं काम," जोगीण दुसऱ्या दिवशी म्हणाली. "पुढे खिंड आहे. हे पोतं खांद्यावर घे आणि खिंड ओलांड. पोतं टाकायचं नाही."

पोते रिकामे होते. खिंडीच्या तोंडाशी एक मोर उभा होता. "ओतारीबुवा, पावसाळ्यात नाचायला मला चाळ हवेत."

"होईल की," रखमाजी म्हणाला, आणि पोत्यात एक धोंडा पडला.

पुढे ससा भेटला. त्याला गळ्यात घुंगरू हवे होते. "होईल की." धोंडा. एका वडाला पारंब्यांना टांगायला झुंबर हवे होते. "उद्या या," रखमाजी म्हणाला, आणि वड आता कसा येणार, हे त्याच्या ध्यानात यायच्या आत मोठा धोंडा पडला. कासवाला आरसा हवा होता. रखमाजी आरसे करीत नसे, तरी त्याने होकार दिला. खिंडीच्या मध्यावर त्याचे गुडघे टेकले.

"आता?" भारद्वाजाने विचारले.

"नाही कसं म्हणायचं? माणूस दुखावतो."

"तो मोर आहे."

"मोर दुखावतो."

"बरं. मोर दुखावू नये म्हणून सगुणाताई बुडाल्या तरी चालतील. तसं त्यांना कळवून येऊ?"

रखमाजीने पक्ष्याकडे रोखून पाहिले. मग त्याने मोराला हाक मारली. मोर आला. रखमाजीच्या घशाशी तो शब्द अडकला. साठ वर्षांत तो कधी बाहेर पडलाच नव्हता, म्हणून त्याला गंज चढला होता.

"चाळ होणार नाहीत," तो म्हणाला. "माझ्याकडे एकवीस घंटांचं काम आहे. दुसरं काही होणार नाही."

"असं होय?" मोर म्हणाला. "मग पलीकडच्या गावात सोनार आहे, त्याला विचारतो. तुमच्यासारख्याच एकाने मला तीन पावसाळे उद्या उद्या म्हणून बसवून ठेवलं होतं. त्याचा मात्र मला फार राग आहे."

पोत्यातला धोंडा कापूस झाला. मग रखमाजीने सशाला नाही म्हटले, वडाला नाही म्हटले. कासवाला नाही म्हणताना तर त्याला मजाच वाटली. कापसाचे पोते घेऊन तो खिंडीपार झाला आणि दुसरी गाठ सुटली.

तिसऱ्या दिवशी जोगीण त्याला एका गुहेच्या तोंडाशी घेऊन गेली.

"तुझ्या पाठीमागे तुझ्या भट्टीच्या घंटांबद्दल जो जो जे जे बोलला, ते सगळं या गुहेत साठलंय. आत जा, ऐक, आणि बाहेर येऊन मला सांग."

रखमाजी आत गेला. थोड्या वेळाने छाती पुढे काढून बाहेर आला. "आत काहीच नाही. कोणाची तक्रारच नाही."

"पुन्हा जा," जोगीण म्हणाली.

तो पुन्हा गेला. आत सामसूम. पण या वेळी त्याने डोळे उघडे ठेवले. छतावरून माती झडत होती. कोळ्याची जाळी थरथरत होती. दाराशी बसलेल्या भारद्वाजाची पिसे अंगाला चिकटली होती आणि त्याने मान पंखात खुपसली होती. गुहा आवाजाने भरलेली होती. तो आवाज रखमाजीपर्यंत पोचत नव्हता, एवढेच.

तो तिथेच थांबला. समोरून कोणी बोलले की त्याला ऐकू येई. पण बारीक सूर, उंच सूर, दुरून आलेला सूर कधीपासून येईनासा झाला? तळहाताला घंटेची थरथर लागे आणि उरलेला नाद तो मनातून पुरवी. तीन वर्षे तो आठवणीतला नाद ऐकून घंटेला खरी म्हणत होता. चिंचेवरच्या चिमण्या गप्प झालेल्या नव्हत्या.

तो बाहेर आला. छाती आता पुढे नव्हती. ओताऱ्याला कान नाहीत हे कळले तर त्याला ओतारी कोण म्हणणार? एकवीस घाट काय म्हणतील? वाटेने परत फिरावे, असेही त्याच्या मनात आले. खाली दूर नदी दिसत होती, आणि नदीत काडीएवढी एक नाव.

"भारद्वाजा," रखमाजी म्हणाला, "मला ऐकू येत नाही. तू माझ्याबरोबर आत चल. ऐक, आणि मला मोठ्याने सांग. काही गाळू नकोस."

दोघे आत जाऊन बसले. भारद्वाज सांगू लागला.

"एक नावाडी म्हणतोय, रखमाजीच्या नव्या घंटेपेक्षा माझी सासू बरी वाजते."

रखमाजी तोंड उघडणार होता. पण आजोबांचे उत्तर आठवून तो ऐकत राहिला.

"पुजारी म्हणतोय, मी ती घंटा पाहुण्यांपुढे वाजवत नाही. लिंबाजी म्हणतोय, धनी देवमाणूस, पण त्यांना सांगणार कोण? ठकूबाई म्हणतेय, मी रोज पडवीत बसून आतून काठ घासते आणि सूर जमेल तेवढा जमवते, पण आता हात थकले." भारद्वाज थांबला.

"पुढे?"

"सगुणाताई म्हणतायत, बाबांना ऐकू येत नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी बोलत नाही. बुडाले तर बुडाले."

रखमाजीने कापसाच्या पोत्यातला कापूस काढून डोळे पुसले. "आणखी आहे?"

"सगळ्यात तळाशी एक फार जुनी तक्रार आहे. जोगिणीची."

रखमाजी बाहेर येऊन जोगिणीपुढे हात जोडून उभा राहिला. "आई, आमच्या आजोबांची घंटा खरंच बद्द होती?"

"होती."

"कशाने?"

जोगीण चकित झाली. हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. "काठात खडा राहिला होता," ती म्हणाली. "तेवढंच सांगायला आले होते रे. एवढं रामायण व्हायचं काही कारण नव्हतं." आणि तिसरी गाठ आपोआप सुटली. जोगिणीने दोरी झटकली आणि तिचा लाकडे बांधायला उपयोग केला.

रखमाजी भट्टीवर पोचला तेव्हा भर दुपार होती. लिंबाजी आणि ठकूबाई हत्यारे घेऊन चिंचेखाली उभी होती आणि भट्टीच्या घराकडे बघत होती. भर दुपारीही भिंती चिंचेला येऊन टेकल्या होत्या.

"धनी, हे आत सरकतच नाही," लिंबाजी म्हणाला. "सकाळपासून वाट बघतोय."

"आता सरकणार नाही. ठकूबाई, इकडे या. आजपासून भट्टीचे कान तुम्ही. तुम्ही बद्द म्हणाल ती घंटा परत मुशीत."

ठकूबाईने त्याच्याकडे टक लावून पाहिले. "कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. मी आत्ता ऐकलं."

"मग मनातलं बोलू? तुमच्या त्या चार घंटा आहेत ना, चारही बद्द."

"ती तिसरीसुद्धा? वेलबुट्टीची?"

"ती सगळ्यात बद्द."

रखमाजीचा चेहरा पडला. पण वेलबुट्टीची घंटा त्याने स्वतः उचलून मुशीत टाकली. पडदा फाडून त्याच्या चिंध्या केल्या, गरम मुशी धरायला. नावाड्यांच्या बायका माती मळायला आल्या, लिंबाजीचे दोन भाऊ भात्यांवर बसले. मोठ्या घरात सहा साचे एका वेळी उभे राहू लागले. लिंबाजी मिश्रण करी, रखमाजी ओती, ठकूबाई टोला देऊन कान लावी. त्यातच राजाचा हुजऱ्या आला. महाराजांच्या हत्तीला चांदीच्या घंटा हव्या होत्या.

"नाही," रखमाजी म्हणाला. "मार्गशीर्ष सरल्यावर. महाराजांना माझा दंडवत सांगा."

हुजऱ्या थरथरत गेला आणि हसत परत आला. "महाराज म्हणाले, या राज्यात मला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. बरं वाटलं म्हणाले. तो नाही म्हणतो, म्हणजे त्याचा होकार आता धरून चालायला हरकत नाही."

वीस घंटा वीस घाटांवर गेल्या. एकविसावी मार्गशीर्षाच्या पहिल्या सकाळी साच्यातून निघाली. ठकूबाईने टोला दिला, कान लावला, काठ दोनदा घासला, पुन्हा टोला दिला. "न्या," ती म्हणाली. बैलगाडी उंबरघाटाकडे उधळली.

घाटावर पोचले तेव्हा धुकासुर उतरून चुकला होता. नदी दिसत नव्हती. तीरावरची माणसे म्हणाली, "सगुणा वाडीला धान्य उतरवून मघाशीच परत निघाली. तिचा आवाज थोडा वेळ येत होता. आता येत नाही."

लिंबाजीने घंटा उंबराच्या फांदीला टांगली आणि दोर ओढला. घंटा हलली. रखमाजी पाण्याच्या काठाशी उभा होता. त्याला काहीही ऐकू आले नाही.

त्याचा तळहात घंटेकडे जायला निघाला. त्याने तो मागे घेतला.

"ठकूबाई," त्याने विचारले, "कशी आहे?"

"खरी," ठकूबाई म्हणाली.

लिंबाजी दोर ओढत राहिला. धुक्याच्या पांढऱ्या भिंतीला एक सुरकुती पडली. मग असुराने मोठी जांभई दिली आणि तो कुरकुरत कुशीवर वळला. मध्ये पाण्याची वाट उघडली. त्या वाटेत सगुणाची नाव होती, आडवी, भलत्याच दिशेला तोंड करून. रखमाजी नावेकडे बघत होता. वल्हे थांबले. सगुणाने मान वर केली, ऐकले. आणि नावेचे तोंड हळूहळू वळले, सरळ उंबरघाटाकडे.

बापाला घंटा ऐकू आली ती अशी.

त्या वर्षी एकही नाव हरवली नाही. धुकासुर कंटाळून पंधरा दिवसांतच डोंगरावर निघून गेला. राज्य सुरळीत झाले, हत्तीला चांदीच्या घंटा मिळाल्या. आणि भट्टी? ती पुढे वाढत वाढत तिथल्या सगळ्या माणसांच्या सावल्या एकत्र केल्यावर होईल तेवढी झाली. त्यात एक सावली भारद्वाजाचीही धरली आहे. दाराशी एक छोटी घंटा टांगली आहे. ज्याची काही तक्रार असेल त्याने ती वाजवायची. रखमाजीला ती ऐकू येत नाही, म्हणून ती थरथरली की ठकूबाई त्याला कोपर मारते.

नाद विरला, तिथे गोष्ट सरली. सांगणाऱ्याचा सूर कुठे बद्द लागला असेल तर ऐकणाऱ्याने जरूर सांगावे. सांगणारा कान देऊन बसला आहे.